दस्तगीरभाईंचा खांदा

हार्मोनियम हे बसून वाजवायचे वाद्य आहे आणि अकॉर्डियन उभे राहून. माझ्या वादनव्यवसायातील बहुतेक दुःखांचे मूळ या एवढ्याशा भेदात आहे, असे म्हटले तर वाचक हसतील. परंतु जो माणूस वर्षानुवर्षे रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात सतरंजीवर मांडी घालून बसला आणि ज्याच्या डोळ्यांसमोर सदैव दुसऱ्याचे बूट होते, त्याला हा भेद लहान वाटत नाही.

ते बूट दस्तगीरभाई पिंजारी यांचे. पांढरे, पुढून टोकदार, कार्यक्रमाच्या आधी ते त्यांना स्वतः खडू लावीत आणि मला विचारीत, “शास्त्रीबुवा, दिसतंय न्हवं नीट?” मी नीट दिसते असे सांगत असे. खोटे बोलण्याचे कारण नव्हते, नीटच दिसे.

ऑर्केस्ट्रा ही संस्था आता जवळजवळ लोपली, म्हणून तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. चित्रपटांतील गाणी गायक-वादकांनी लोकांसमोर प्रत्यक्ष सादर करावयाची, हा तिचा व्यवसाय. जत्रा, गणेशोत्सव, साखर कारखान्याचा मोळीपूजनाचा सोहळा, कोणा पुढाऱ्याचा वाढदिवस, अशी आमची क्षेत्रे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणात जिथे व्हायोलिनांचा ताफा बसलेला असे, तिथे आमच्याकडे एकच माणूस उभा असे : अकॉर्डियनवाला. गाण्याच्या दोन कडव्यांमधील वादनास आम्ही ‘पीस’ म्हणतो. गायकाला टाळी आणि पीसला शिट्टी, असा लोकांचा रिवाज. हार्मोनियमला दोन्ही नाही. तिचे काम गायकाच्या स्वराखाली अंथरूण घालण्याचे. आणि अंथरूण चांगले असले, तर झोपणाऱ्याला सकाळी ते आठवत नाही.

वस्तुतः ही दोन वाद्ये सख्खी भावंडे आहेत. दोहोंच्या पोटात धातूच्या पट्ट्यांचे सूर, दोहोंना भाता, दोहोंचा प्राण वायू. परंतु हार्मोनियमचा भाता वादकाच्या पलीकडच्या अंगाला असतो. तो लोकांना दिसतो, मागे बसलेल्या सहकाऱ्यांना दिसत नाही. अकॉर्डियनचा भाता छातीवर उघडतो-मिटतो, तेव्हा सारा माणूसच वाद्य होतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

माझे बालपण नृसिंहवाडीच्या पाठशाळेत गेले. पहाटे संथा, दुपारी शब्दरूपे आणि धातुरूपे, संध्याकाळी पालखीपुढे पदे. पदांना मी पेटीची साथ करीत असे, आणि तीच पुढे पोटाचे साधन झाली. कोल्हापुरात एका कीर्तनात माझी साथ आबांनी ऐकली. आबा हे मंडपवाले. आपलाच मंडप रिकामा राहू नये म्हणून त्यांनी ऑर्केस्ट्रा काढला होता. पाठशाळेतला माणूस सिनेमाच्या गाण्यांत कसा, असे आप्तांनी विचारले, तेव्हा स्वराला सोवळे-ओवळे नसते असे मी उत्तर दिले. उत्तर उत्तम होते. आबा महिन्याच्या महिन्याला बिदागी देत, हेही उत्तमच होते.

शास्त्रांनी माणसाचे सहा रिपू सांगितले आहेत. पहिल्या पाचांशी माझे मोठे युद्ध असे कधी झाले नाही. तेवढी ना सवड होती, ना साधने. सहावा जो मत्सर, तो मात्र माझ्याबरोबर सतरंजीवर बसत असे आणि माझ्याच चंचीतली सुपारी खात असे.

त्याला खाद्य पुष्कळ मिळे. आमच्या भागात जत्रेच्या अखेरीस गावाच्या वतीने एका कलावंताच्या डोक्याला फेटा बांधण्याची रीत आहे. कोणाला बांधायचा हे गाव ठरवते. गाव दरवेळी दस्तगीरभाईंनाच बांधी. त्यांच्या घरी फेट्यांची एक ट्रंक होती. कार्यक्रमारंभीचे गणेशस्तवन संस्कृतात मी रचलेले, चाल माझी, परंतु ते संपताच लोक म्हणत, “काय पेटी वाजवली!” आणि पेटी म्हणजे त्यांची. कोल्हापूरच्या लेखी पेट्या दोन होत्या : गळ्यातली आणि मांडीवरची. मांडीवरची पेटी आपल्या मारुतीच्या देवळातही आहे, हे प्रत्येक गावाला ठाऊक होते.

कागलच्या बाजूच्या एका गावी तर कमाल झाली. रंगमंच म्हणून ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडल्या होत्या आणि त्यांवर सगळे मावेनात. पंचांपैकी एक जण माझ्याजवळ येऊन समजुतीच्या स्वरात म्हणाला, “पावणं, ही पेटी कशाला आणलीसा? गळ्यातली आली, झालं की. तुमी आपलं हितं खाली बसा, जनरेटरच्या शेजारी. वारा बी लागंल.” मी बसलो. त्या यंत्राचा षड्ज आमच्या षड्जाहून किंचित चढा होता. मी पेटी उघडली तर दोघांची झुंज, मिटली तर त्याचा जय. इतक्यात दस्तगीरभाई ट्रॉलीच्या कडेला आले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “शास्त्रीबुवा वर न्हाईत, तर मी बी खाली.” गाव हसले. मग चौघांनी मला पेटीसकट उचलून वर ठेवले, एखाद्या देव्हाऱ्यासारखे.

अपमान मी विसरलो असतो. तो उपकार मात्र विसरता येईना. मत्सराला अपमानापेक्षा उपकार अधिक पौष्टिक असतो, हा माझा अनुभव आहे.

त्यांना स्वरलिपी येत नसे. एक गाणे दोनदा ऐकले की त्यांच्या बोटांत बसे. त्यातही एखादा कोमल निषाद हमखास शुद्ध लागे आणि तो चुकलेला निषादच लोकांना अधिक गोड वाटे. त्यांच्या अकॉर्डियनचे सूर उतरले की मीच बारीक कानस घेऊन ते घासून जुळवून देत असे. म्हणजे ज्या शिट्ट्या त्यांना मिळत, त्यांची श्रुती माझ्या हातची होती. हे त्यांना सांगावे असे अनेकदा मनात आले. पण ते स्वतःच सगळ्यांना सांगत असत, त्यामुळे तीही सोय राहिली नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ते संकट आले. दस्तगीरभाईंचा घरचा धंदा गाद्यांचा. पूर्वी धनुष्यावर कापूस पिंजत. मग त्यांनी पिंजण्याचे यंत्र घेतले. गुंता सोडवायला गेलेला डावा हात त्या यंत्राने धरला. कोपराच्या खालचे काही वाचले नाही. अकॉर्डियनचा भाता डावा हात ओढतो. त्याच हाताची बोटे खर्जाच्या कळा दाबतात. म्हणजे त्यांचे वादन त्या क्षणी संपले.

मी इस्पितळात गेलो. ते उशीला टेकून बसले होते आणि भेटायला आलेल्यांचेच सांत्वन करीत होते. मला म्हणाले, “आता पेटी तुमी घाला. दुसऱ्या कुनाला देऊ नगासा. तिला गार हवा सोसत न्हाय, पावसाळ्यात भाता चिकटतोय, तेवढं बघा.” माझ्या डोळ्यांत पाणी आले आणि ते खरे होते. परंतु जिना उतरताना पायांना जी एक घाई जाणवली, तीही खरी होती.

अकॉर्डियनचे पट्टे चामड्याचे. ते छातीवर घ्यावयाचे, म्हणून सौभाग्यवतींनी काही दिवस मला न्हाणीघराकडूनच घरात येण्याचा नियम घातला. हार्मोनियमच्या भात्यालाही चामडे असते, असे मी निदर्शनास आणले. तेव्हा त्यांनी ती पेटीही देवघरातून हलवली.

मला त्या वाद्याची विद्या अवघड गेली नाही. काही महिन्यांत सारे पीस बसले. निषादही जागच्या जागी. मी प्रथमच उभा राहिलो, प्रथमच लोकांचे चेहरे पाहिले. आणि ऑर्केस्ट्रा कोसळला.

कोसळला म्हणजे काय, ते सांगतो. गाणे सुरू होताना सर्व वाद्यांनी एकाच क्षणी उडी घ्यायची असते. आमच्याकडे ती उडी कोणी मोजून देत नसे; आपोआप पडे. आता पडेना. मी भाता उघडावा, ढोलकने किंचित मागून यावे, गिटारने पुढे निघून जावे, आणि गायिकेने बिचारीने सगळ्यांकडे पाहत राहावे. प्रत्येक गाण्याचे तोंड असे ठेचकाळू लागले. एका गावी तर पहिल्याच गाण्याला मागून आवाज आला, “अगुदर ठरवून या की रं!”

दोष माझ्याकडे नसणार, याची मला खात्री होती. माझी मात्रा तसूभर हलत नव्हती. म्हणून मी पाठशाळेतला उपाय योजला. वेदपठणात स्वर आणि मात्रा हाताने दाखवण्याची पद्धत आहे. तसा मी उजवा हात उचलून मात्रा मोजून देऊ लागलो आणि सर्वांकडून महिनाभर घोकून घेतली. उडी अचूक पडू लागली. मी आबांकडे समाधानाने पाहिले. बोलला तो मात्र ढोलक वाजवणारा आनंदा कांबळे. हा दिवसा एका वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, आणि स्पष्ट बोलण्याबद्दल दोन्हीकडे प्रसिद्ध.

“बरोबर वाजतंय, शास्त्रीबुवा,” तो म्हणाला. “शाळंची प्रार्थना वाजती तसं.”

मी रागावलो, कारण ते खरे होते. मग आधी कसे वाजत होते, असे मी विचारले. आनंदाने थोडा विचार केला आणि म्हणाला की, त्याने कधी मात्रा मोजलीच नव्हती. भाईंचा डावा खांदा वर जायचा, तो खाली आला की आपली थाप पडायची. गिटारवाल्यानेही मान डोलावली. त्यांच्यापैकी कोणीही हे पूर्वी एकमेकांना सांगितलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी दस्तगीरभाईंच्या दुकानी गेलो. कापसाच्या ढिगाऱ्याशेजारी ते गिऱ्हाइकाला उशी दाबून दाखवत होते. मी खांद्याचे विचारले. त्यांना नवल वाटले. “मी कशाला खांदा उचलू? पेटी जड व्हती, म्हनून हलत आसंल.” वाजवण्याआधी मनात काय करता, असे मी पुन्हा विचारले. “करायचं काय? दम घ्यायचा आन् सोडायचा. तुमी न्हाय व्हय घेत?”

ज्या गोष्टीसाठी मी त्यांचा इतकी वर्षे मत्सर करीत होतो, ती गोष्ट ही नव्हतीच. आणि जी होती, ती त्यांनी कमावलेली नव्हती, त्यांना ठाऊकही नव्हती. माणूस विद्येचा मत्सर करतो तेव्हा निदान अभ्यास करून तिथवर पोचण्याची आशा असते. दुसऱ्याच्या श्वासाचा मत्सर कसा फेडावा, हे कोणत्याच शास्त्रात सांगितलेले नाही.

तरी मी प्रयत्न सोडला नाही. घरी आरशासमोर उभा राहून खांदा उचलण्याचा अभ्यास केला. उचलण्याचा वेग, उतरण्याचा क्षण, सारे नीट बसवले. तालमीत तो प्रयोग केला, तेव्हा आनंदाने ढोलक खाली ठेवून गंभीरपणे विचारले, “शास्त्रीबुवा, जानवं आडकलं काय?” त्या दिवशीची तालीम तिथेच संपली.

भाताची कापणी उरकल्यावर शाहूवाडीकडच्या एका गावी जत्रा होती. दोन जत्रांची बोलणी आधीच मोडली होती. ही बिघडली तर ऑर्केस्ट्रा बंद, असे आबांनी सर्वांना सांगून टाकले होते. गावाने दस्तगीरभाईंना आवर्जून पाहुणे म्हणून बोलावले. त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली. त्यांनी पांढरे बूट घातले होते आणि डावी बाही खिशात खोचली होती.

दिवेलागणीला मी रंगमंचावर उभा राहिलो. गणेशस्तवन. मी हाताने मात्रा दाखवायचे विसरलो. खरे सांगायचे तर दस्तगीरभाई समोर बसलेले असताना मला ते करवेना. मी भाता उघडला. आणि मागून सगळे वादक एकदम, एका देहाचे असावेत तसे आले. पूर्वीसारखे. पूर्वीहूनही बरे. सारे अंगण शहारले. क्षणभर मला वाटले की ईश्वराने माझे ऐकले. मी हर्षाने मागे वळून पाहिले.

कोणीही माझ्याकडे पाहत नव्हते. आनंदा, गिटारवाला, गायिकासुद्धा; सर्वांची दृष्टी माझ्या खांद्यावरून पलीकडे, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर होती. दुसऱ्या गाण्याच्या आरंभी मीही तिकडे पाहिले. दस्तगीरभाई तल्लीन होऊन बसले होते. मी भात्याला हात घातला तसा त्यांनी दम घेतला; खिशात खोचलेल्या रिकाम्या बाहीच्या वर तो खांदा अलगद उचलला गेला आणि उतरला. थाप पडली.

त्या रात्री गावाने फेटा मला बांधला. गुलाबी, लांब शेमल्याचा. टाळ्या पुष्कळ झाल्या आणि शिट्ट्याही. तो फेटा कोणाचा आहे हे मला पक्के ठाऊक होते. तरी परतताना गाडीत वाऱ्याने सुटू लागला तेव्हा मी तो दोन्ही हातांनी धरून बसलो. शेजारी दस्तगीरभाई होते. “शोभतोय,” ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

त्यानंतर आबांनी खुर्ची रंगमंचावरच, सर्व वादकांना दिसेल अशी मांडली. आढेवेढे घेत का होईना, दस्तगीरभाई प्रत्येक कार्यक्रमाला येऊन तीत बसू लागले. आपण केवळ मानाने बसतो अशी त्यांची समजूत होती, आणि ती कोणी मोडू नये असे आम्ही ठरवले. सांगितले असते तर खांदा बिघडला असता. माझ्यावर आरशाने जी वेळ आणली, ती त्यांच्यावर येऊ द्यायची नव्हती. हे मी सुचवले. यात प्रेम किती आणि धंदा किती, ते मला आजही वेगळे करता येत नाही.

ऑर्केस्ट्रा मात्र बदलला. पूर्वी आम्ही शिट्टीसाठी वाजवत होतो. आता नजरेसमोर एक माणूस ऐकत बसलेला होता, ज्याला वाजवता येत नव्हते आणि ऐकण्यावाचून दुसरे काम नव्हते. गाण्यांची लय उतरली, पीस लहान झाले, गायिका शब्द सोडवून म्हणू लागली. मी जे काही बरे वाजवले, ते त्या वर्षांत. शिट्ट्या कमी झाल्या. लोक शांत बसू लागले. एका गावच्या म्हाताऱ्याने कार्यक्रमानंतर आनंदाला विचारले की, तो खुर्चीवरचा गडी नेमका काय वाजवतो.

“आमास्नी,” आनंदा म्हणाला.

आणि फेटा? दोन-तीन जत्रा तो माझ्याकडे आला. मग गावांनी पुन्हा विचार केला, आणि फेटा खुर्चीकडे गेला. हात नाही, पेटी नाही, तरी फेटा त्यांनाच. मी उभा राहून टाळ्या वाजवीत असे. आता मला त्यांच्या वाजवण्याचा मत्सर उरला नव्हता; त्यांच्या बसण्याचा वाटू लागला होता. जन्मभर बसून मला जे मिळाले नाही, ते त्यांना बसून मिळाले.

नवे शतक लागल्यावर आबांच्या मुलाने कारभार हाती घेतला. त्याने मोठा कीबोर्ड आणला. त्यात सर्व ताल तयार भरलेले आणि मात्रेगणिक एक तांबडा दिवा लुकलुके. सारे वादक त्या दिव्याकडे पाहू लागले. उडी कधी चुकली नाही. खुर्चीची जागा ध्वनिवर्धकाने घेतली. मला तो मुलगा आदराने म्हणाला, “शास्त्रीकाका, तुमी बी आता दमला आसशिला.” मी दमलो आहे, असे मी मान्य केले. अकॉर्डियन माझ्याकडेच राहिले.

परवाच्या पावसाळ्यात त्याचा भाता चिकटला. तो सोडवून, सूर साफ करून मी ते दाखवायला दस्तगीरभाईंच्या दुकानी घेऊन गेलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हते. ते आता पुष्कळ थकले आहेत. गादीच्या गुंडाळीला टेकून बसले होते. ऐकवा म्हणाले. मी पट्टे चढवले, गणेशस्तवनाच्या पहिल्या स्वरावर बोट ठेवले आणि भात्याला हात घातला.

हात हलेना. दुखत नव्हता, थकला नव्हता. नुसता वाट पाहत होता. तेव्हा माझ्या ध्यानात आले की, डाव्या कोपऱ्यातल्या सतरंजीवरून मी त्यांचे बूटच पाहत होतो असे नव्हे. माझीही पेटी तेव्हापासून त्याच खांद्यावर सुरू होत होती. त्यांच्याशिवाय वाजवता न येणाऱ्यांत पहिला मी होतो.

“का थांबलासा, शास्त्रीबुवा?” त्यांनी विचारले.

“काही नाही,” मी म्हणालो. “भात्यात हवा भरतो आहे.”

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली, गुंडाळीवरून पाठ सोडवून नीट बसले आणि ऐकण्यासाठी दम घेतला. मी वाजवू लागलो.